एकची कळ

मांडवी, रत्नागिरी
६ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. उमाकाकूस,
ऋजुताचा सा. न. वि. वि.

येऊन पंधरवडा झाला आणि पत्र आत्ता, म्हणून रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतेस, आणि काकांकडे निरोप दिला तर ते त्यातलं व्याकरण सुधारून तुला सांगतात. तेव्हा आपलं जुनंच बरं. आईबाबांच्या माघारी तुमच्याकडून पुण्याला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहातून लिहायचे, तसंच लिहीन.

तू विचारलं होतंस की डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग आरोग्याचा अभ्यास कसला. सांगते. काका दवाखान्यातून सुटले तेव्हा त्यांचा मोबाइल नंबर लिहून घेतला होता ना, तीच ही योजना. हृदय अशक्त झालेल्यांना रोज संध्याकाळी सात वाजता आपोआप फोन येतो. रेकॉर्ड केलेली बाई सांगते की दम लागत असेल, पायाला सूज असेल, छातीत दुखत असेल तर एकची कळ दाबा. बरे वाटत असेल तर दोनची कळ दाबा. एक दाबला की संस्थेच्या ऑफिसात त्या माणसाच्या नावापुढे लाल खूण उमटते आणि तिथून परत फोन येतो. दोन दाबला की हिरवी. सूज वेळेवर कळली तर औषध वाढवून निभावतं, हे डॉक्टरांनी आपल्यालाही बजावलं होतं. आता संस्थेला प्रश्न पडलाय की रत्नागिरीकडची बहुतेक माणसं दोनच दाबत राहतात आणि मग एके दिवशी एकदम त्यांच्या जाण्याचीच बातमी येते. असं का, ते शोधायला मला पाठवलंय.

आमच्या मनस्विनी मॅडमचं म्हणणं असं की प्रश्नांचा कागद घेऊन दारात उभी राहिलीस तर लोक दारातलंच उत्तर देतील. आत जाऊन बसायचं, हाताला काम घ्यायचं, ऐकायचं, आणि जे समजलं ते त्याच माणसांपुढे परत ठेवायचं, की बघा, मला बरोबर कळलंय का. याला गुणात्मक संशोधन म्हणतात. मोजणं कमी, ऐकणं जास्त. तू हसत असशील, कारण माझ्याइतकी बडबडी मुलगी आपल्या घराण्यात दुसरी झाली नाही.

मी रोज दुपारी दत्तारामभाऊंकडे जाते. ते मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचा सगळा कारभार त्यांच्या हाती. आता काकांसारखंच हृदयाने घरी बसवलंय. त्यांच्या बायकोने, गुणवंतीवहिनीने, मी मासे न खाणाऱ्या घरातली आहे हे कळताच मला कोळंबी सोलायला बसवलं. अजून हाताचा वास जात नाही.

काका माझ्या अभ्यासात नाहीत. घरचं माणूस चालत नाही. पण त्यांना सांग, सातचा फोन रोज घ्या आणि खरं तेच दाबा. कसे आहेत ते तू लिही, त्यांना लिहायला देऊ नकोस.

तुझी माया आहेच, ती अधूनमधून पोस्टानेही येऊ दे.

तुझी,
ऋजुता


गुहागर
१५ ऑक्टोबर २०२४

चि. ऋजुतास,
काकूचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. कोळंबीचा वास लिंबाने जातो असं ऐकून आहे; खरं-खोटं त्या वहिनीलाच विचार. तू गप्प बसून ऐकायला शिकते आहेस आणि त्याचे तुला वर पैसे मिळतात, हे यांना वाचून दाखवलं तेव्हा इतके हसले की खोकला लागला.

तुझ्या काकांचं विचारशील, तर सगळ्यांना बरं आहे असं सांगतात. शाळेत असताना मुलांची शुद्धलेखनं तपासायचे, आता त्या फोनमधल्या बाईचं तपासतात. कळ म्हणजे दुखणंही आणि कळ म्हणजे दाबायची तीही, तर छातीच्या दुखण्यावर बोलताना हा शब्द घालणाऱ्याला नापास केलं पाहिजे, असं त्यांचं मत आहे. बागेत जातात, पण पूर्वी शेवटच्या पोफळीपर्यंत जायचे, आता विहिरीपाशी बसतात आणि तिथूनच गड्याला सुपारी कुठे वाळत घालायची ते ओरडून सांगतात.

खरं सांगू का, मला भीती वाटते. यांना दम लागतो तो मला ऐकू येत नाही. दुसरी बाई असती तर पाठमोरी असतानाही तिला कळलं असतं. मी भाजी चिरत असले तरी दर थोड्या वेळाने वळून यांच्या छातीकडे बघते. मग हे चिडतात, म्हणतात की मी काय कुठे पळून चाललोय का.

तू जवळ असतीस तर बरं होतं. जयगडची फेरीबोट धरलीस तर अर्ध्या दिवसाचा रस्ता, तरी दिवाळीला येणार नाहीस असं यांच्याकडून कळलं. अभ्यास असेल तर नको येऊस. डिंकाचे लाडू पाठवते आहे.

आमचे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेत, ते वायफळ जाऊ देऊ नकोस.

तुझी,
काकू


मांडवी, रत्नागिरी
१९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. काकूस व ती. काकांस,
ऋजुताचा सा. न. वि. वि.

लाडू संपले. आणि काका, तुम्हाला आधी साष्टांग नमस्कार, कारण तुम्ही थट्टेत नापास केलेला तो शब्दच सगळ्याचं मूळ निघाला!

झालं असं. मी दत्तारामभाऊंना विचारलं की छातीत दुखलं की काय करता. म्हणाले, कळ दाबतो. मी विचारलं, कुठली. तर त्यांनी पंजा छातीवर ठेवून दाबून दाखवला. कळ आली का दाबायची न् गप पडायचं, फोनवाली बाय तेच सांगते, असं म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला. वहिनी टोपली घेऊन लगबगीने आत गेल्या. मी शेजारच्या कमळाआजींना विचारलं, त्यांनीही पदर तोंडाला लावून अगदी तोच पंजा छातीवर ठेवला. म्हणजे यंत्र सांगतंय बटण दाबा, आणि माणसं समजतायत दुखणं दाबा! इतके महिने ही माणसं आज्ञाधारकपणे सोसत बसली आहेत, आणि ऑफिसातले लोक आकडेमोड करत बसलेत.

मॅडम पुण्याहून आल्या, संस्थेचे लोक आले, मी बैठकीत हे सांगितलं. खोलीत टाळ्या पडल्या. संस्थेचे हर्षद सर म्हणाले की एवढी वर्षं आम्ही मोजत राहिलो आणि हिने दोन महिन्यांत ऐकलं. आता कळ जाऊन बटण येणार. पुण्याला नवं रेकॉर्डिंग होईल, आणि ते इतर जिल्ह्यांतही वापरणार आहेत. दत्तारामभाऊंपुढे हे सगळं परत मांडायचं राहिलंय, कारण बैठकीची तारीख आधी आली. पुढच्या आठवड्यात जाईन.

खूप दिवसांनी असं वाटतंय की आपल्या शिकण्याचा कुणाला उपयोग आहे. काका, तुम्हाला कसं वाटतंय ते मात्र काकूच्या पत्रातून नीट कळत नाही.

दोघांचा लोभ आहे म्हणून इथे टिकून आहे.

तुमची,
ऋजुता


॥ श्री ॥
गुहागर
२ डिसेंबर २०२४

चि. ऋजुता हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काकूने वाचले व मग मी वाचले. तिला फार आनंद झाला. मला झाला नाही, म्हणून हे स्वतंत्र पत्र. ते तिला दाखवलेले नाही.

तुझे ते दत्ताराम थट्टा करीत होते, पोरी. जन्म बोटीवर काढलेल्या, वायरलेस हाताळलेल्या माणसाला फोनवरचा एक आकडा कळत नाही, असे तुला वाटलेच कसे? वहिनी लगबगीने आत का गेल्या? म्हाताऱ्या आजींनी पदर तोंडाला का लावला? हसू लपवायला. आपल्याकडचा माणूस परक्यापुढे दुखणे उघडे करीत नाही, त्याची मस्करी करून टाकतो. तू गुहागरात वाढलीस, हे तुला ठाऊक असायला हवे होते. तू पुण्याचे कान घेऊन तिथे बसलीस.

आता माझे ऐक. दिवाळीच्या आधी माझ्या पायाला सूज आली. मी नियमाप्रमाणे एक दाबला. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. आवाज गोड. तिने नोंद केली व सांगितले की जवळच्या दवाखान्यात दाखवा. मी गेलो. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. ते आले तेव्हा म्हणाले की ही औषधे मी बदलू शकत नाही, रत्नागिरीत विचारा. रत्नागिरीला गेलो, काकूला बँकेचे काम सांगून. तिथले हृदयाचे डॉक्टर सोडून गेलेत. कोल्हापूरला जा म्हणाले. पालीवरून घाट चढून मी कोल्हापूरला कसा जाणार? तरी दिवाळीभर मी रोज एकच दाबत होतो, आणि रोज ती मुलगी तेच वाक्य म्हणत होती. भाऊबीजेनंतर मी दोन दाबू लागलो. मुलीचे कष्ट तरी वाचले.

शब्द तू बरोबर पकडलास. तो चुकीचाच आहे. पण कळ दाबल्यावर पलीकडे कोण आहे, हे तू विचारले नाहीस.

काकूला काही कळवू नये. तिला मी बरा दिसतो, तेवढे राहू दे.

प्रकृतीस जप. आमची ममता तुझ्यावर पूर्वीइतकीच आहे.

तुझा,
देवदत्तकाका


मांडवी, रत्नागिरी
२३ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
ऋजुताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन तशीच दत्तारामभाऊंकडे गेले. त्यांना सगळं वाचून दाखवलं, माझा निष्कर्षसुद्धा. ते म्हणाले की तू एवढ्या कौतुकानं लिहून घेत होतीस, तुझं मन मोडवलं नाही. त्यांनीही पूर्वी एक दाबला होता. त्यांनाही तेच वाक्य ऐकवलं गेलं. वहिनी चहा ठेवायला उठल्या आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या, तेव्हा मला रडू आवरलं नाही.

मी संस्थेला लिहिलं की माझं चुकलं. शब्द हा प्रश्न नाही, पलीकडे उपचार करणारं कुणी नाही हा प्रश्न आहे. हर्षद सरांचं उत्तर आलं की डॉक्टर नेमणं आपल्या हातात नाही, शब्द बदलणं आहे, आणि रेकॉर्डिंगचं काम सुरू झालंय. शिवाय त्यांनी मला दाखवून दिलं की लोक दोन दाबतात, म्हणजे नोंदींप्रमाणे त्यांना बरंच आहे. मग डॉक्टर मागायचा कशाच्या आधारावर?

काका, म्हणूनच हे पत्र. तुम्ही दमून दोन दाबता, ते त्यांच्या कामाला येतं. मी दत्तारामभाऊंना विनवलंय, कमळाआजींना विनवलंय, इथल्या बाकीच्या रुग्णांनाही विनवलंय, आणि तुमच्या पाया पडून मागते की रोज खरं तेच दाबा. निदान खोटं बरं सांगू नका. सगळ्यांच्या नावापुढे लाल खुणा साठत गेल्या तर त्यांना कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल, डॉक्टर पाठवावा लागेल. मॅडम म्हणतात की त्या नोंदी घेऊन वरपर्यंत जाऊ. मला अजून आशा आहे, आणि दुसरं काही माझ्याजवळ नाही.

आणि काकूला सांगा हो. ती तुमच्या छातीकडे बघत बसते, तिला आधीच माहीत आहे.

तुमचा हात डोक्यावर असाच राहावा.

तुमची,
ऋजुता


गुहागर
२६ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुतास,
काकूचे आशीर्वाद.

तेरावं झालं, तू गेलीस, मग बाकीचे गेले. तू इथे होतीस तेव्हाच सांगायचं होतं. पण मला ऐकू येत नाही म्हणून मी फार मोठ्याने बोलते, आणि घर माणसांनी भरलेलं. हे मोठ्याने बोलायचं नव्हतं.

तुझं डिसेंबरचं पत्र यांनी मला दिलं आणि मी वाचेपर्यंत समोर बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून एक दाबू लागले. मी शेजारी बसून बघायचे. फोन आला की कानापासून लांब धरायचे. बाईचं बोलणं पाठ झालंय, ते पुन्हा कशाला ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं. अंगठ्याने एक दाबायचे आणि माझ्याकडे बघून बोट वर करायचे, म्हणजे आजचं खरं सांगून झालं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आपल्याला काही होतंय असं त्यांनी मला कधी कळू दिलं नव्हतं. तो महिना मला आमच्या संसारातला फार जवळचा वाटला.

सुरुवातीला त्या मुलीचे फोन परत यायचे. जानेवारीच्या मध्यापासून तेही थांबले. हे म्हणाले, कंटाळली असेल बिचारी. पण एक दाबायचं सोडलं नाही. सूज गुडघ्यापर्यंत चढली. मी म्हटलं, गाडी करू आणि थेट कोल्हापूर गाठू, लागेल तिथे थांबत जाऊ. तर म्हणाले, ऋजुताच्या ऑफिसात आपलं लाल साठतंय, आता डॉक्टर येईल, थोडं थांबू. तुझ्यावर फार विश्वास होता त्यांचा. त्या रविवारीही सातला बसून एक दाबला, बोट वर केलं. नंतर मी ताटं घ्यायला आत गेले. हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही.

माझा तुझ्यावर राग नाही, हे आधी नीट वाच. मला एवढंच हवंय. ऑफिसात जाऊन बघ आणि त्यांच्या नावापुढे लाल आहे, असं कळव. आयुष्यात त्यांनी आपलं दुखणं कुणाला सांगितलं नाही, सांगितलं ते त्या यंत्राला. ते तिथे लागलंय एवढं कळलं तरी मला पुरे.

जेवत जा. माझी माया तुझ्याचपाशी आहे, आता दुसरीकडे कुठे ठेवू.

तुझी,
काकू


मांडवी, रत्नागिरी
७ मार्च २०२५

ती. काकूस,
ऋजुताचा सा. न.

घरच्या माणसाची नोंद उघडायची नसते. मी उघडली.

काल तुला एक पत्र लिहिलं होतं, त्यात लाल आहे असं लिहिलं होतं. ते फाडून टाकलं. काकांकडे मी काय मागितलं होतं ते आठवलं, मग तुला खोटं लिहिता येईना.

नवं रेकॉर्डिंग सोळा जानेवारीला सुरू झालं. मी ते दत्तारामभाऊंच्या फोनवर ऐकायला गेले होते. पहिल्या वाक्यात बटण हा शब्द ऐकला आणि खूश होऊन फोन परत दिला. पुढचं ऐकलंच नाही. नव्याने करतोच आहोत तर आधी त्रासाचं कशाला विचारायचं, आधी बरं विचारू, असं ठरवून त्यांनी क्रम फिरवला होता. आता बरं असेल तर एक आणि त्रास असेल तर दोन. ज्यांना जुनं पाठ होतं त्यांना कुणी सांगितलं नाही. माझ्या शब्दावर दत्तारामभाऊ एक दाबत होते, कमळाआजी एक दाबत होत्या, बाकीचे एक दाबत होते, काका एक दाबत होते. म्हणून त्या मुलीचा फोन थांबला. तो आला असता तर काही झालं असतं का, मला माहीत नाही. पण लाल साठतंय म्हणून काका थांबले नसते, तू त्यांना घेऊन गेली असतीस, हे मला माहीत आहे.

मी ऑफिसात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण शब्द सोपा केल्यापासून रत्नागिरीकडच्या रुग्णांना बरं वाटू लागलं, असा अहवाल आधीच पुढे गेलाय, त्यात माझं नाव आहे. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या अहवालात करू म्हणाले. मॅडमनी भांडून पाहिलं. दत्तारामभाऊंना मी जाऊन सांगितलं की आता दोन दाबा. त्यांनी मान हलवली आणि फोन बंद करून फळीवर ठेवून दिला.

काकू, काकांच्या नावापुढे माझं पत्र पोचल्यापासून पंधरा जानेवारीपर्यंत लाल आहे. तिथून पुढे रोज हिरवं आहे. त्या रविवारी सात वाजून दोन मिनिटांनी देवदत्तकाकांना बरं वाटत होतं, असं तिथे लिहिलेलं आहे.

आशीर्वाद मागायचा धीर होत नाही. पुढच्या शनिवारच्या फेरीबोटीने येते. दार उघडू नकोसं वाटलं तर उघडू नकोस.

ऋजुता